घोड्याला विचारलंस का?



दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. सगळी मुलं घरी गेली होती आणि मी वह्यांचा गठ्ठा पिशवीत भरत होते. तेवढ्यात अंगणात टापांचा आवाज आला. बघते तर काय, आमच्याच शाळेतून चौथी पास होऊन गेलेला एक मुलगा घोड्यासकट दारात उभा! आता तो हायस्कुलात आहे, आणि मिसरूडही फुटायला लागलंय. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण त्याला ते आवडणार नाही. आपण त्याला नुसतं 'आपला स्वार' म्हणू या. घोड्याचं नाव मात्र सांगते. त्याचं नाव पवन. घोड्याची काही हरकत नसावी!

आमचं काशीद तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलं असेल. अलिबागहून मुरुडकडे जाताना लागतं ते. पांढरी वाळू, काठाला सुरूची झाडं आणि पाठीशी फणसाडचं जंगल. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात. कुणी घोड्यावर बसून फेरी मारतं, कुणी घोडागाडीतून, तर कुणी उंटावरून. या फेऱ्यांवर आमच्याकडच्या काही घरांची चूल पेटते. पवन त्याच कामाचा घोडा. त्याच्या पाठीवर बसून फोटो काढलेली कितीतरी मुलं आज शहरात मोठी होत असतील.

आपल्या स्वाराच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. पाहुण्यांपैकी कुणीतरी तो त्याला दिला होता. शहरातल्या एका रायडिंग क्लबनं जानेवारीत घोड्यांच्या अडथळे-उड्यांची, म्हणजे शो जंपिंगची स्पर्धा ठेवली होती. नवशिक्यांसाठी वेगळा गट होता आणि त्यातले अडथळे ८० सेंटिमीटर उंच होते.

"बाई, नाव देऊ का?" तो म्हणाला. त्याचे डोळे नुसते लुकलुकत होते. "पवन उडी मारतो! मी कुठं शिकवलंपण नाही त्याला."

मग त्यानं सगळं सांगितलं. २०२० सालच्या जूनमध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ आलं, तेव्हा आमच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं धडाधड आडवी झाली होती. त्यातलं एक खोड अजून वाळूत अर्धं रुतून पडलंय. फेऱ्या संपल्या की संध्याकाळी आपला स्वार पवनला दौडत घेऊन येतो, आणि पवन त्या खोडावरून टुणकन उडी मारतो. रोज! स्वारानं टेप लावून मोजलं होतं. खोड ६० सेंटिमीटर भरलं.

"मग विचारतोस काय? दे की नाव!" मी म्हणाले. "काशीदचा घोडा बक्षीस घेऊन आला तर आपण गावातून मिरवणूक काढू!"

असं बोलून मीच त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तो उड्या मारत गेला. मी घरी आले, चहा टाकला आणि मग विचार करायला लागले. मुलांनो, आधी बोलायचं आणि मग विचार करायचा ही मोठ्या माणसांचीही खोड असते बरं का! मला घोड्यांतलं काय कळत होतं? काहीच नाही. मग मी पुस्तकं चाळली, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, आणि जे कळलं ते तुम्हालाही सांगते.

शो जंपिंगमध्ये मैदानावर रंगीत दांड्यांचे दहा-बारा अडथळे मांडलेले असतात. ते ठरलेल्या क्रमानं आणि ठरलेल्या वेळात ओलांडायचे. दांडा पडला की ४ दोष. घोडा अडथळ्यापुढे थबकला किंवा बाजूनं निघून गेला, तरी ४ दोष. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तो दुसऱ्यांदा थबकला की स्पर्धेतून बाद, आणि घोडा किंवा स्वार पडला तरीही बाद. ज्याचे दोष सगळ्यांत कमी, तो जिंकला. आणखी एक गंमत बघा. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत पुरुष आणि बायका एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरतात. घोड्याला काय, पाठीवर कोण आहे यापेक्षा तो कसा बसलाय हे महत्त्वाचं!

नाव द्यायचं की नाही, हा प्रश्न फक्त आपल्या स्वारालाच पडत नाही. बंगळूरचा फवाद मिर्झा हा आपल्या देशाचा नामवंत घोडेस्वार. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सेन्यूर मेडिकॉट नावाच्या घोड्यावर बसून एक रौप्यपदक स्वतःसाठी आणि एक संघासाठी मिळवलं. पुढे २०२१ मध्ये टोकियोचं ऑलिंपिक झालं, तेव्हा त्याच्याकडे पात्र ठरलेले दोन घोडे होते, मेडिकॉट आणि दजारा. आधी दजाराचं नाव जाहीर झालं. मग निर्णय बदलला आणि मैदानात मेडिकॉट उतरला. फवादनं अंतिम फेरी गाठली आणि तो २३ वा आला. बघा, इतक्या मोठ्या खेळाडूलाही ऐन वेळेपर्यंत घोड्याचा विचार करावा लागतो.

त्याच्या खेळप्रकारात घोडा तीन कसोट्या देतो. पहिल्यांदा तालबद्ध चाली, मग रानावनातली दौड आणि शेवटी उड्या. सुरुवातीला आणि पुन्हा उड्यांच्या आधी डॉक्टर प्रत्येक घोड्याला चालवून, दुडकवून बघतात. जरा लंगडताना दिसला तर पुढे सोडत नाहीत. एवढी काळजी घेऊनही त्याच स्पर्धेच्या दौडीत जेट सेट नावाच्या स्वित्झर्लंडच्या घोड्याच्या पायाचा अस्थिबंध तुटला. त्याला वाचवता आलं नाही. हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला.

आणि त्याच टोकियोत आणखी एक प्रसंग घडला. आधुनिक पंचक्रीडा नावाचा एक खेळ आहे. त्यात तलवारबाजी, पोहणं, घोडेस्वारी, धावणं आणि नेमबाजी, असं सगळं एकाच खेळाडूला करावं लागतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे घोडा आपला नसायचा, तो चिठ्ठी टाकून मिळायचा. ओळख करून घ्यायला मिळायची फक्त २० मिनिटं. जर्मनीची अनिका श्लॉय पहिल्या क्रमांकावर होती. तिच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला. आधीच्या स्वारापुढेही तो अडला होता. तो काही केल्या उडी मारेना. अनिका रडत होती, चाबूक मारत होती. तिच्या प्रशिक्षक बाईंनी तर कुंपणापलीकडून घोड्याला बुक्की मारली. साऱ्या जगानं ते टीव्हीवर पाहिलं. अनिकाचा नंबर ३१ वा आला, आणि प्रशिक्षक बाईंना उरलेल्या स्पर्धेतून बाहेर काढलं गेलं. पुढे त्या खेळाच्या संघटनेनं घोडेस्वारीच काढून टाकायचं ठरवलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंचक्रीडेतले घोडे शेवटचे दिसले.

म्हणजे सेंट बॉयनं 'नाही' म्हटलं, आणि खेळ बदलला! पण ते 'नाही' आधीच कुणी ऐकलं असतं तर?

आपल्याकडेही हाच प्रश्न आलाय. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती पूर्वीपासून होत आल्या आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती थांबवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात बदल केला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो कायदा मान्य केला. अटी काय आहेत? बैल धडधाकट असल्याचा डॉक्टरांचा दाखला हवा, मारझोड करायची नाही, आणि धाव १००० मीटरपेक्षा लांब नको. शर्यत हवी की नको यावर घराघरात दोन मतं असतील. पण जनावराच्या वतीनं कुणीतरी विचारायला हवं, हे मात्र आता कायद्यातच आलं.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या स्वाराला बोलावलं आणि आम्ही दोघांनी मिळून वहीत प्रश्न लिहून काढले. ही वही तुम्हालाही दाखवते.

१. पवनचं वय काय? घोड्याचं वय दात बघून ओळखतात. लहान घोड्याची हाडं पक्की झालेली नसतात. ऑलिंपिकमधल्या उड्यांच्या स्पर्धेत तर किमान ९ वर्षांचाच घोडा चालतो. पवन १० वर्षांचा निघाला. बरोबरची खूण!

२. पाय कसे आहेत? घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच, नुसती हाडं आणि दोरीसारख्या शिरा, म्हणजे कंडरा. उभा असताना अर्ध्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं, आणि उडीनंतर सगळा भार आधी त्यांच्यावरच येतो. रोज सकाळी पायांवरून हात फिरवायचा. कुठं गरम किंवा सुजलेलं लागलं तर त्या दिवशी सुट्टी. पवनचे पाय थंडगार होते. बरोबर.

३. नाल घट्ट आहेत का? मऊ वाळूत चालणं वेगळं आणि स्पर्धेच्या मैदानावर उडी मारणं वेगळं. नालबंदाला बोलवावं लागेल.

४. डॉक्टरांचा दाखला? घोड्याला धनुर्वात पटकन होतो, म्हणून त्याची लस हवी. शिवाय ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याकडून माणसालाही होऊ शकतो. अनेक घोडे जमतात तिथं न्यायचं, तर रक्त तपासून तो नसल्याचा अहवाल हवा. डॉक्टर म्हणाले, "देतो करून."

५. प्रवास? चार-पाच तास टेम्पोत. आपण बाकावर बसतो. घोडा मात्र प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक ब्रेकला चारही पायांवर तोल सांभाळत उभा असतो. तो उतरला की लगेच उड्या मारायला लावायच्या? मुक्काम करावा लागेल.

६. स्वाराची तयारी? हनुवटीखाली पट्टा असलेलं घोडेस्वारीचं हेल्मेट हवंच. (आईबाबांनो, किनाऱ्यावर मुलांना घोड्यावर बसवता ना? तिथंही हेल्मेट मागा!)

७. खर्च? इथं आपल्या स्वाराचा चेहरा उतरला. प्रवेश फी, टेम्पो, मुक्काम, आणि वर ऐन हंगामातले चार दिवस फेऱ्या बंद. त्याचे बाबा हंगामातल्या कमाईतूनच पावसाळ्याची सोय करून ठेवतात. पावसात पाहुणे नाहीत, फेऱ्या नाहीत, पण घोड्याचं पोट थोडंच सुट्टीवर जातं? मी त्याला शिवाजी महाराजांच्या एका पत्राची आठवण करून दिली. १६७३ साली चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलं होतं की, दाणावैरण बेतानं वापरा. आताच उधळलीत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्या माथी येईल. मोठमोठ्या मोहिमा आखणारा राजा घोड्यांच्या पावसाळ्यातल्या वैरणीचा हिशेब आधी करत होता!

बाबांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोराची एवढी हौस आहे, तर करू कायतरी. पण बाई, पवनला काय झालं तर आमचं वर्ष जाईल." ते हे अगदी शांतपणे बोलले, म्हणून मला जास्त लागलं.

वहीत आठवा प्रश्न आम्ही लिहिलाच नव्हता. तो विचारला आजोबांनी. म्हातारबाबा ओटीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी सारा जन्म घोड्यांत काढलेला.

"सगळ्यांना इचारलंत," ते म्हणाले, "घोड्याला इचारलंस का रे?"

आपला स्वार हसला. "आजोबा, घोडा काय बोलतो?"

"बोलतो की. चल, दाखीव मला तुझी उडी."

आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, वाळू घट्ट झाली होती. पवन दौडत आला आणि खोडावरून झोकात पलीकडे गेला. मी तर टाळ्याच वाजवल्या! आजोबांनी नुसती मान हलवली. "आता फिरव त्याला. पलीकडून अलीकडे आण."

स्वारानं पवनला वळवलं, टाच दिली. पवन दुडक्या चालीनं आला, खोडाजवळ आल्यावर त्याचे कान मागे गेले, मान वर झाली, आणि तो थबकला. स्वारानं पुन्हा फिरवून आणलं. पवन बाजूनं निघून गेला. तिसऱ्यांदा तो लांबूनच थांबला आणि शेपटी झटकायला लागला.

मुलांनो, लक्षात आलं का तुमच्या? रोज संध्याकाळी उडी मारताना खोडाच्या पलीकडे काय होतं? तबेला! चंदीची बादली, पाणी, खरारा आणि विश्रांती. पवन उडी मारत नव्हता, तो घरी जात होता! वाटेत खोड पडलेलं होतं, म्हणून ते ओलांडत होता, इतकंच. घराकडे पाठ करून, नुसतं कुणी सांगितलं म्हणून उडी मारायची, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. 'इथंच घोडं पेंड खातं' असं आपण म्हणतो ना? आमचं घोडं अगदी खरोखर तिथंच पेंड खात होतं!

आपल्या स्वाराचा चेहरा लाल झाला. मित्रांना त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. लगामाचं सुटं टोक त्याच्या मुठीत होतं, आणि हात वर गेला. मी ओरडणार, एवढ्यात तो हात तसाच खाली आला. मग तो उतरला, पवनच्या मानेवर कपाळ टेकवून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा नाही."

आजोबा म्हणाले, "कळलं का, घोडा कसा बोलतो ते?"

तुम्हाला वाटेल, गोष्ट फसली. मलाही घरी येताना वाईट वाटत होतं. पण पुढच्या रविवारी मी किनाऱ्यावर गेले, तर आपल्या स्वारानं वाळूवर बांबू ठेवले होते. उंचावर नाही हं, अगदी जमिनीवर! पवन त्यांच्यावरून नुसता चालत होता. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. प्रत्येक फेरीला मानेवर थाप आणि 'शाब्बास'. घोड्याला उड्या शिकवायची सुरुवात अशीच करतात. आधी जमिनीवरचे बांबू, मग वीतभर उंच, मग गुडघ्याइतके. घाई केली तर घोडा घाबरतो, आणि एकदा घाबरला की ते विसरायला त्याला फार दिवस लागतात. स्पर्धेचा कागद स्वारानं फाडून टाकलेला नाही. वहीत ठेवलाय, आठव्या प्रश्नाच्या पानात.

जाता जाता मला माझी एक गोष्ट कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या वर्गातल्या एका मुलीचं नाव तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत देऊन टाकलं होतं. वर्गात ती छान बोलायची. मी तिच्या आईला विचारलं, मुख्याध्यापकांना विचारलं, भाषणही मीच लिहून दिलं. तिला तेवढं विचारलं नाही. व्यासपीठावर ती पहिली दोन वाक्यं बोलली आणि थबकली. मी खालून खुणा करत राहिले, "बोल, बोल!" त्या दिवशी घरी येताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आपल्या ओळखीच्या वर्गात बोलणं म्हणजे तिच्यासाठी घराकडची उडी होती, हे मला आता पवननं शिकवलं.

तिला तोंड होतं, 'नको' म्हणायला. पण बाईंना 'नको' कसं म्हणायचं? आणि पवनला तर फॉर्मवर सहीसुद्धा करता येत नाही. म्हणून दुसऱ्याचं नाव कुठंही देण्याआधी, मग तो घोडा असो, बैल असो, धाकटी बहीण असो, की आईबाबांनो, तुमचं लेकरू असो, त्याचे कान कुठं वळलेत ते बघायला हवं. तो पुढं धावतोय, की नुसता घरी जातोय?

आता तुमचं काम. तुमच्या घरी किंवा शेजारी एखादं जनावर असेल. मांजर, कुत्रा, गाय, बैल, कुणीही. आठवडाभर त्याच्याकडे नीट बघा आणि ते 'हो' कसं म्हणतं आणि 'नाही' कसं म्हणतं, ते वहीत लिहा. कान, शेपटी, डोळे, पाय, सगळं बघा. आणि मला पत्रानं कळवा. चांगली पत्रं मी पवनला वाचून दाखवीन. त्याचं नाव तर मी त्याला न विचारताच इथं छापलंय, तेवढी भरपाई करायला हवी ना?

तुमच्या
काशीदच्या बाई